लस टोचूनही गाईला लम्पी का होतो? समजून घ्या जनावरांच्या लसीचं आणि प्रतिकारशक्तीचं गणित

गावात लसीकरणाचं पथक येऊन जातं. गोठ्यातल्या सगळ्या गाई-बैलांना टोचून होतं. आठ-दहा दिवसांनी त्यातल्याच एका गाईला ताप भरतो, ती चारा सोडते आणि मग मानेवर, पाठीवर गाठी दिसू लागतात. तिचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. खाली एकच ओळ असते : 'लस टोचली म्हणूनच झालं.' संध्याकाळपर्यंत तो फोटो शेजारच्या चार गावांत फिरलेला असतो. पुढच्या फेरीला डॉक्टर येतात तेव्हा काही जण 'आमच्या जनावरांना नको' म्हणून परत पाठवतात.

महाराष्ट्रात लम्पी ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आढळला आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली. दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत सरकारने जाहीर केली. त्याच काळात राज्यातल्या सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशाला लस टोचण्याची मोहीम राबवली गेली. तरीही पुढच्या वर्षी आजार पुन्हा दिसला.

मग लस फसली का? लस घेतलेली गाय आजारी पडते, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

लम्पी म्हणजे नेमकं काय?

लम्पी हा गाई-बैलांना होणारा विषाणूजन्य त्वचारोग आहे. १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या आजच्या झांबियात त्याची पहिल्यांदा नोंद झाली. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला. म्हशींना तो क्वचित होतो, माणसांना होत नाही.

तो पसरतो मुख्यतः चावणाऱ्या कीटकांमुळे. गोठ्यातल्या चावऱ्या माशा, डास आणि गोचीड आजारी जनावराचं रक्त पितात आणि तोच विषाणू निरोगी जनावरापर्यंत नेतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते चार आठवडे जाऊ शकतात. मग ताप, डोळ्या-नाकातून पाणी, सुजलेल्या लसिका ग्रंथी, अंगभर गाठी आणि दूध एकदम खाली.

सर्वसाधारणपणे बाधित जनावरांपैकी १ ते ५ टक्के दगावतात. आकडा लहान वाटतो. पण ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत आणि घरखर्च डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतो, त्याच्यासाठी एक गाय जाणं म्हणजे अर्धं उत्पन्न जाणं. जी जगते, तिचं दूध आणि गाभण राहण्याचं चक्र पूर्ववत व्हायलाही बराच वेळ लागतो.

लस शरीरात गेल्यावर काय होतं?

गाईच्या शरीरात संरक्षणाच्या दोन फळ्या असतात. पहिली जन्मजात : कातडी, नाका-तोंडातला चिकट द्राव, ताप, आणि दिसेल त्या परक्या जंतूवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी. ही फळी लगेच कामाला लागते, पण समोरचा शत्रू कोण आहे हे तिला नेमकं ओळखता येत नाही.

दुसरी फळी शिकलेली असते. विशिष्ट जंतू ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडी, तयार करणाऱ्या पेशी आणि लागण झालेल्या पेशी शोधून मारणाऱ्या पेशी तिच्यात असतात. या फळीला पहिल्यांदा तयार व्हायला वेळ लागतो. पण एकदा जंतूची ओळख पटली की काही पेशी ती आठवण जपून ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला, तर हल्ला काही दिवसांत परतवला जातो.

लस ही ओळख आजाराशिवाय करून देते. त्यासाठी दोन पद्धती जास्त वापरात आहेत. एक, जिवंत पण कमकुवत केलेला जंतू. तो शरीरात थोडासा वाढतो, पण सहसा आजार करू शकत नाही. लम्पीविरुद्ध आपल्याकडे वापरलेली लस अशीच आहे. दुसरी, मारलेला जंतू. लाळ्या-खुरकूतची लस या प्रकारची. मेलेला जंतू वाढत नाही, त्यामुळे शरीराला जागं करण्यासाठी त्यात तेलासारखा पूरक घटक मिसळावा लागतो आणि डोस ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की, लस टोचली त्या क्षणी जनावर सुरक्षित होत नाही. लम्पीच्या बाबतीत पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. सुई टोचली तो प्रशिक्षणाचा पहिला दिवस असतो.

गाईच्या आजाराला शेळीची लस कशी चालते?

२०२२ मध्ये गाईंना टोचलेली लस मुळात शेळ्यांच्या देवी रोगासाठी बनवलेली होती. 'शेळीची लस गाईला' या गोष्टीवरून तेव्हा बऱ्याच शंका घेतल्या गेल्या.

लम्पीचा विषाणू, शेळ्यांच्या देवीचा विषाणू आणि मेंढ्यांच्या देवीचा विषाणू हे तिघे एकाच कुळातले सख्खे भाऊ आहेत. त्यांची बाहेरची रचना इतकी सारखी असते की एकाची ओळख झालेलं शरीर दुसऱ्यालाही अडवू शकतं.

ही युक्ती लसीच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईंच्या सौम्य देवीचा द्रव टोचून माणसाला देवीपासून वाचवता येतं हे दाखवलं. लॅटिन भाषेत गाईला 'व्हॅका' म्हणतात, त्यावरूनच 'व्हॅक्सिन' हा शब्द आला. भारतात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा गाईच्या विषाणूने माणूस वाचवला, आता शेळीचा विषाणू गाईला वाचवतो आहे.

अर्थात, भावाची ओळख आणि खुद्द शत्रूची ओळख यात फरक राहतोच. म्हणून लम्पीच्याच विषाणूपासून लस बनवण्याचं काम सुरू झालं. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी मिळून 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही लस विकसित केली. २०१९ मध्ये रांचीतल्या जनावरांपासून मिळवलेला विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून कमकुवत करण्यात आला. ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. तिचं उत्पादन करण्यासाठी पुण्यातल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी डिसेंबर २०२२ मध्ये करार झाला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बायोलम्पीव्हॅक्सिन' या लसीला देशात परवाना मिळाला. जनावरातली प्रतिपिंडं लसीमुळे आली की आजारामुळे, हा फरक चाचणीतून ओळखता येईल अशा पद्धतीने ती बनवली आहे. हा फरक कळला की रोग कुठं फिरतो आहे हे शोधणं सोपं होतं.

मग लस टोचूनही आजार का होतो?

कोणतीही लस शंभर टक्के जनावरांना वाचवत नाही. पण बऱ्याचदा लस निकामी नसते, लसीकरणात कुठंतरी खोट राहिलेली असते. मुख्य कारणं अशी :

१. लागण आधीच झालेली असते. टोचलं त्या दिवशी गाय धडधाकट दिसते, पण विषाणू आत शिरलेला असतो. आठव्या दिवशी गाठी येतात आणि दोष लसीवर जातो. आजार आधीच गावात पोहोचल्यावर मोहीम सुरू झाली, तर असं हमखास घडतं.

२. तीन आठवडे पूर्ण झालेले नसतात. प्रशिक्षण अर्धवट असतानाच हल्ला होतो. म्हणून लस टोचल्यानंतरही माशा, गोचीड यांचा बंदोबस्त आणि नव्या जनावरांपासून अंतर ठेवणं गरजेचं असतं.

३. लस वाटेत खराब झालेली असते. लस कारखान्यापासून गोठ्यापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये यावी लागते. जिवंत विषाणूची लस उन्हात राहिली तर विषाणू मरतो. कुपीतली पावडर द्रवात मिसळल्यावर ती बर्फावर ठेवून काही तासांतच संपवावी लागते. उलट लाळ्या-खुरकूतची लस गोठली तरी बिघडते. बाहेरून पाहून लस चांगली की वाया गेलेली, हे कळत नाही.

४. टोचण्यात चूक होते. जनावर उसळतं, सुई निसटते, अर्धा डोस केसांवर सांडतो. सिरिंज रसायनाने धुतली असेल आणि त्याचा अंश राहिला असेल, तर जिवंत लसीतला विषाणू तिथेच मरतो. एकच सुई सगळ्या गोठ्याला वापरली, तर सुईच आजार पसरवू शकते.

५. जनावर अशक्त असतं. पोटात जंत, अंगावर गोचीड, चाऱ्याची टंचाई किंवा दुसरा आजार असेल, तर शरीर लसीला हवा तसा प्रतिसाद देत नाही. म्हणूनच लसीकरणाच्या आधी जंतनाशक देण्याचा सल्ला दिला जातो.

आणखी एक गोष्ट. लस टोचल्यावर काही जनावरांना एक-दोन दिवस ताप येतो, टोचल्या जागी सूज येते, क्वचित अंगावर थोड्या लहान गाठीही दिसतात. हा जिवंत लसीचा सौम्य परिणाम असतो, त्या गाठी आपोआप जिरतात. पण फोटोत ही छोटी गाठ आणि खऱ्या लम्पीची गाठ सारखीच दिसते. फरक तपासणीतच कळतो.

'आजारी जनावरांत लस घेतलेलीच जास्त' – हा हिशेब कुठं चुकतो?

सोशल मीडियावर सर्वात जास्त चालणारा दावा हाच आहे. तो खरा असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. एक काल्पनिक गाव घेऊन पाहू.

गावात १०० गाई आहेत. ९० गाईंना लस दिली, १० राहून गेल्या. साथ आली. लस न घेतलेल्या १० पैकी ५ आजारी पडल्या. लस घेतलेल्या ९० पैकी ९ आजारी पडल्या.

एकूण आजारी १४, त्यातल्या ९ लसवंत! मेसेज तयार : 'आजारी गाईंपैकी निम्म्याहून जास्त लस घेतलेल्या.'

आता दुसऱ्या बाजूने बघा. लस न घेतलेल्या गाईंत दोनातली एक आजारी पडली. लस घेतलेल्यांत दहातली एक. म्हणजे लसीने धोका पाच पट कमी केला. कुणालाच लस दिली नसती, तर याच हिशेबाने गावात ५० गाई आजारी असत्या. पण त्या वाचलेल्या ३६ गाईंचे फोटो कुणी काढत नाही.

लसीकरण जितकं जास्त, तितकं आजारी जनावरांत लसवंतांचं प्रमाण जास्त दिसणार. सगळ्याच गाईंना लस दिली, तर आजारी पडलेली प्रत्येक गाय लसवंतच असेल. त्यामुळे पाहायचं ते हे की, लसवंतांपैकी किती आजारी पडल्या आणि लस न घेतलेल्यांपैकी किती.

वासराचं काय? उत्तर खरवसात आहे

लम्पीची चर्चा झाली की वासरांची काळजी वेगळी करावी लागते. मोहीम संपल्यावर जन्मलेल्या वासराला ती लस मिळालेलीच नसते. दर वर्षी अशी नवी, कोरी जनावरं कळपात येत राहतात. एकदा गाव टोचलं म्हणजे काम संपलं असं होत नाही, त्याचं हे मोठं कारण आहे.

पण वासराची गोष्ट लसीच्याही आधी सुरू होते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच नाळेतून प्रतिपिंडं मिळतात. गाईच्या गर्भाशयाची आणि वारेची रचना अशी असते की प्रतिपिंडं वासरापर्यंत जाऊ शकत नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं जवळपास नसतातच. ती मिळतात फक्त चिकातून.

आणि इथं घड्याळ चालू असतं. वासराच्या आतड्याला प्रतिपिंडं अख्खी शोषून घेता येतात ती जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत. तासागणिक ही क्षमता घटते आणि सुमारे २४ तासांत दार बंद होतं. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो, पण रक्तात संरक्षण देत नाही. म्हणून जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत पहिला चीक पाजावा आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या साधारण एक दशांश चीक त्याच्या पोटात जावा, असं पशुवैद्यक सांगतात. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर.

आपल्याकडे वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, अशी समजूत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. वार पडायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्यात वासराचा सर्वात मोलाचा वेळ निघून जातो. खरवस आवडीने खायला हरकत नाही, पण पहिल्या धारेचा मान वासराचा. उरलेला चीक माणसांचा.

यात एक पेच मात्र आहे. आईकडून आलेली हीच प्रतिपिंडं वासराला लस लवकर दिली, तर लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. मग वासराचं स्वतःचं शरीर काहीच शिकत नाही. म्हणून लस दिलेल्या गाईच्या वासराला लम्पीची लस साधारण चार महिन्यांनंतर देतात, तोवर आईची प्रतिपिंडं ओसरलेली असतात. आईला लस मिळालीच नसेल, तर वासराला याहून लवकर लस देता येते. डॉक्टर 'आईला टोचलं होतं का?' असं विचारतात, ते यासाठी.

प्रत्येक लसीचं वेळापत्रक वेगळं का?

कारण प्रत्येक जंतू वेगळा वागतो.

- लाळ्या-खुरकूत : या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. भारतातल्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार असतात. संरक्षण काही महिन्यांतच ओसरतं, म्हणून वासराला चौथ्या महिन्यात पहिला डोस, महिन्याने बूस्टर आणि पुढे दर सहा महिन्यांनी लस. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०३० पर्यंत हा रोग हद्दपार करण्याचं उद्दिष्ट आहे.
- घटसर्प आणि फऱ्या : हे जिवाणूंचे आजार पावसाळ्यात उसळतात. म्हणून लस पावसाआधी, दर वर्षी.
- ब्रुसेलोसिस : गाभ टाकायला लावणारा हा आजार माणसालाही होतो. लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. ही जिवंत लस आहे, गाभण जनावराला दिली तर गर्भपाताचा धोका असतो आणि चुकून माणसाला टोचली गेली तर त्यालाही लागण होऊ शकते. ती डॉक्टरांनीच द्यावी.
- लम्पी : वर्षातून एकदा, शक्यतो माशा-डासांचा हंगाम सुरू होण्याच्या आधी.

आजारी गाय सोडून निरोगी गाईंना लस का?

हाही नेहमीचा प्रश्न. २०२२ मध्ये सुरुवातीला जिथं लम्पी सापडला, त्या ठिकाणापासून पाच किलोमीटरच्या परिघातल्या निरोगी जनावरांना लस देण्यात आली. आजारी गाईला लस देऊन फायदा नसतो, तिचं शरीर खऱ्या विषाणूशी आधीच लढत असतं. तिला उपचार लागतात. लस आसपासच्या गाईंना दिली की विषाणूला पुढं जायला जागा उरत नाही.

एक आजारी गाय सरासरी चार गाईंना लागण करू शकते असं समजू. त्या चारपैकी तीन गाई सुरक्षित असतील, तर आजार पुढं फक्त एकीला होईल. चौघीही सुरक्षित असतील, तर साखळी तिथंच तुटते. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. वासरं, अशक्त जनावरं, लसीला प्रतिसाद न दिलेल्या गाई, या सगळ्यांना याच भिंतीचा आडोसा मिळतो. पण गावातल्या वीस गोठ्यांनी दार बंद केलं, तर त्या भिंतीला वीस भोकं पडतात आणि चावऱ्या माशीला कुणाचा गोठा कुणाचा हे कळत नाही.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. २०१६ मध्ये लम्पी आग्नेय युरोपातल्या बाल्कन देशांत पसरला. तिथं लम्पीच्याच विषाणूपासून बनवलेली लस मोठ्या प्रमाणावर देण्यात आली. २०१६ मध्ये ७,४८३ ठिकाणी उद्रेक झाले होते, २०१७ मध्ये ते ३८५ वर आले.

एक आजार जो लसीने संपला

आजोबा-पणजोबांच्या पिढीला 'बुळकांडी' हा शब्द ऐकला तरी धडकी भरायची. या साथीत गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. याच आजाराचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढं मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था बनली. तिथं १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून कमकुवत केला आणि लस बनवली. पुढं त्याहून चांगल्या लसी आल्या. १९५४ पासून देशभर मोहीम चालली, २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये जगातूनच हा आजार नाहीसा झाल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसराच आजार.

बुळकांडीत एक सोय होती : लस एकदा टोचली की दीर्घकाळ पुरायची, विषाणूचे प्रकार लसीला चकवत नव्हते आणि तो पसरवायला कीटक लागत नव्हते. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीत ही सोय नाही. म्हणून इथं लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि लसीबरोबर गोठ्याची स्वच्छताही सांभाळावी लागते.

लसीने दूध कमी होतं, गाय गाभडते – यात तथ्य किती?

थोडं आहे, पण तेवढंच. टोचल्यानंतर ताप आणि धावपळीचा ताण यामुळे काही गाईंचं दूध दोन-चार दिवस कमी होऊ शकतं, मग ते पूर्ववत होतं. खऱ्या लम्पीत किंवा लाळ्या-खुरकूतमध्ये होणारी घट याच्या कितीतरी पट मोठी आणि लांबलेली असते. गाभण जनावराला आडवं पाडून, दोरखंडाने आवळून टोचलं तर इजा होऊ शकते. त्यामुळे गाय गाभण असेल, किती महिन्यांची आहे, हे डॉक्टरांना आधीच सांगावं. लस कोणती, कधी द्यायची हे तेच ठरवतील. लम्पीची लस घेतलेल्या गाईचं दूध नेहमीसारखं उकळून प्यायला काहीच अडचण नाही.

लसीकरणाचं पथक येण्याआधी आणि नंतर

- डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी जंतनाशक द्या, गोचीड काढा.
- ज्या जनावराला ताप आहे, ज्याने चारा सोडला आहे, ते दाखवा. लपवू नका.
- लस बर्फाच्या डब्यातून काढली जाते का, प्रत्येक जनावराला नवी सुई आहे का, हे विचारा. हा जनावराच्या मालकाचा हक्क आहे.
- कानातल्या बिल्ल्यावरच्या बारा अंकी नंबरावर लसीची नोंद झाली का, ते बघा. पुढचा डोस त्यावरून ठरतो.
- टोचल्यावर तीन आठवडे बाजारातून नवं जनावर आणू नका, दुसऱ्याच्या गोठ्यात जनावर नेऊ नका.
- शेण-मूत्र साचू देऊ नका, संध्याकाळी धूर करा, माशा-डासांचा बंदोबस्त ठेवा.
- गाठी दिसल्या तर गाय लगेच वेगळी बांधा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

लस टोचूनही एखादी गाय आजारी पडेल. त्या गाईचा फोटो ग्रुपवर येईलच. तो पुढं पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : लस टोचून किती दिवस झाले होते? गावात आजार आधीच होता का? आणि लस न घेतलेल्या गाईंचं काय झालं? या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तो फोटो लसीबद्दल काहीच सिद्ध करत नाही. पण त्यामुळे शेजारच्या गोठ्याचं दार बंद झालं, तर त्या गोठ्यातल्या गाईला आणि चार महिन्यांच्या वासराला त्याची किंमत मोजावी लागू शकते.